काठ नसलेल्या नद्या

चित्रकलेचा मास्तर म्हणून शाळेत उभे राहायला लागल्याला मला आता वीस वर्षे होत आली. एवढ्या काळात 'निसर्गचित्र काढा' असे मी मुलांना शेकडो वेळा सांगितले असेल, आणि शेकडो वेळा माझ्या टेबलावर एकच चित्र येऊन पडले आहे. दोन डोंगर, त्यांच्या बेचक्यातून डोके वर काढणारा सूर्य, डोंगरातून वळणे घेत खाली येणारी निळी नदी, बाजूला एक झोपडी आणि एक नारळाचे झाड. आमचा मुलूख सपाट. डोंगर पाहायचा तर एस.टी.त बसून जावे लागते, आणि नारळ असलाच तर एखाद्या बंगल्याच्या आवारात. तरी मुलांचा हात त्याच वळणाने जातो. एकदा सहावीतल्या एका मुलाने मात्र पेन्सिल तोंडात धरून मला विचारले, "सर, निसर्गचित्रात माणूस काढलेला चालतो का?"

मी "चालतो की" म्हणालो आणि पुढच्या बाकाकडे वळलो. तो प्रश्न पुन्हा आठवला तो यंदाच्या उन्हाळ्याच्या सुटीत. नद्यांवरचे आणि पाण्याच्या टंचाईवरचे चार-पाच अनुबोधपट आम्ही घरी ओळीने पाहिले. आम्ही म्हणजे मी, माझी दहावीत गेलेली मुलगी आणि माझी आई. मुलगी इंग्रजी निवेदनाचा मराठी गोषवारा आजीला सांगत होती, आणि आई पदराने चष्मा पुसत पाहत होती. त्या पाहण्यातून जे मनात आले ते दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवतो. मी काही चित्रपटशास्त्राचा पंडित नाही. माझे शिक्षण मॅट्रिक आणि पुढे चित्रकलेचा डिप्लोमा एवढेच. पण चित्र पाहायला शिकवणे हा माझा धंदा आहे, आणि हलते झाले तरी ते चित्रच.

अनुबोधपट हा शब्द आता जुना झाला. मुले डॉक्युमेंटरी म्हणतात. एके काळी थिएटरात मुख्य चित्रपटाच्या आधी फिल्म्स डिव्हिजनचा अनुबोधपट दाखवणे सक्तीचे होते. धरणाची उभी भिंत, दारांतून उसळणारे फेसाळ पाणी आणि त्यावर एक भारदस्त आवाज, हे आमच्या वडिलांच्या पिढीला तोंडपाठ होते. तेव्हा पडद्यावरचा नायक धरण होते. आता नायक बदलला आहे. आता नदी ही नायिका आहे, ती संकटात आहे, आणि आवाज मात्र तसाच भारदस्त आहे. पण नायिका बदलली म्हणजे गोष्ट बदलते का, हा माझा प्रश्न आहे.

आधी जे चांगले आहे त्याला चांगले म्हटले पाहिजे. बी.बी.सी.ची 'प्लॅनेट अर्थ' ही मालिका २००६ साली आली. तिचा तिसरा भाग 'फ्रेश वॉटर', म्हणजे गोडे पाणी. निवेदन डेव्हिड ॲटनबरो यांचे. जगातल्या एकूण पाण्यापैकी गोडे पाणी शेकडा तीनच, इथून तो भाग सुरू होतो आणि डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत पाण्याच्या मागोमाग जातो. व्हेनेझुएलातला एंजल धबधबा त्यात आहे. जवळजवळ एक हजार मीटरवरून पडणारे ते पाणी तळाशी पोचण्याआधीच धुके होऊन जाते. जपानातल्या ओढ्यात दगडाखाली दबा धरून बसलेला प्रचंड सॅलॅमँडर आहे. सैबेरियातले बैकल सरोवर आहे, दीड किलोमीटरहूनही खोल, जगातल्या न गोठलेल्या गोड्या पाण्याचा पाचवा हिस्सा एकट्याच्या पोटात बाळगणारे. ॲमेझॉनच्या गढूळ पाण्यातले गुलाबी डॉल्फिन आहेत. डोळ्यांचे पारणे फिटते, यात शंका नाही. माझ्या मुलीने तो भाग दोनदा पाहिला. त्या छायाचित्रकारांची चिकाटी पाहून मला माझ्या ब्रशाची लाज वाटली.

आई मात्र अर्ध्यावरच म्हणाली, "का रं, ह्या नदीला मानसंच न्हाईत व्हय? धुनं कुठं धुत्यात ही?"

मुलगी हसली. मीही हसलो. पण हसून झाल्यावर लक्षात आले, की म्हातारीने समीक्षकाचे काम केले आहे. त्या साऱ्या प्रवासात माणूस जवळजवळ नाहीच. ना घाट, ना होडी, ना पाइप, ना मोट. नदी उगमापासून मुखापर्यंत कुणाच्याही घरावरून न जाता वाहते. आणि मालिकेच्या प्रत्येक भागाच्या शेवटी दहा मिनिटे चित्रीकरणाची हकीकत असते, तिथे माणसे दिसतात ती कॅमेरे घेऊन आलेली. निसर्गावरच्या संकटाची चर्चा त्याच वर्षाच्या शेवटी 'प्लॅनेट अर्थ: द फ्यूचर' अशा तीन वेगळ्या भागांत करण्यात आली. सौंदर्य एका ताटात, काळजी दुसऱ्या ताटात. पाहुणा पहिले ताट संपवून उठतो, हे सांगायला नको.

आता त्याच २००६ सालची दुसरी गोष्ट ऐका. त्या वर्षीच्या मे महिन्यात चीनमध्ये यांगत्से नदीवरच्या 'थ्री गॉर्जेस' धरणाची मुख्य भिंत पुरी झाली. आणि त्याच वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरात काही शास्त्रज्ञ दोन जहाजे घेऊन यीचांगपासून शांघायपर्यंत जाऊन परत आले. सहा आठवडे दुर्बिणी डोळ्यांना लावून आणि पाण्यात ध्वनियंत्रे सोडून ते यांगत्सेतला डॉल्फिन शोधत होते. त्याला तिकडे बैजी म्हणतात. एकही सापडला नाही. माणसाने पाळलेला बैजी वुहानच्या संस्थेत बावीस वर्षे जगून २००२ सालीच मेला होता. मासेमारीची जाळी, जहाजांची वर्दळ, मैले पाणी, बांधबंदिस्ती या सगळ्यांनी मिळून तो संपवला.

यात 'प्लॅनेट अर्थ'चा दोष नाही, हे उघड आहे. पण इथे या कलाप्रकाराची मोठी अडचण दिसते. कॅमेरा आहे त्याचे चित्र घेतो; नाही त्याचे कसे घेणार? ॲमेझॉनचा डॉल्फिन दाखवता येतो. यांगत्सेचे रिकामे पाणी दाखवले तर ते नुसते पाणी दिसते. संकटात सापडलेल्या नदीची गोष्ट ही बहुतांशी गेलेल्या वस्तूंची गोष्ट असते, आणि गेले ते काय होते हे सांगणारा एकच साक्षीदार उरतो, तो म्हणजे काठावरचा माणूस. त्यालाच चित्रातून काढले तर साक्ष कुणाची घेणार?

ही साक्ष ज्याने घेतली तो पट आम्ही नंतर पाहिला. 'अप द यांगत्से', २००७ सालचा. दिग्दर्शक युंग चांग हे चिनी वंशाचे कॅनडातले. थ्री गॉर्जेसचे पाणी चढत असताना, बुडण्याआधी नदीचे शेवटचे दर्शन घ्यायला परदेशी प्रवाशांच्या आलिशान बोटी जात होत्या. त्यांतल्या एका बोटीवर हा पट घडतो. काठावर एका खोपटात राहणारे, भाजीपाला पिकवणारे गरीब कुटुंब. त्यांची सोळा वर्षांची मुलगी नुकतीच शाळा संपवून घरी आली आहे. तिला पुढे शिकायचे आहे. पैसे नाहीत, म्हणून आईबाप तिला त्याच बोटीवर भांडी घासायला पाठवतात. जी नदी तिचे घर बुडवणार, त्याच नदीवर तिची नोकरी. प्रवाशांच्या सोयीसाठी तिला तिथे एक सोपेसे इंग्रजी नाव देतात. वरच्या मजल्यावर मार्गदर्शक प्रवाशांना सांगतो, की उठवलेली माणसे नव्या घरांत सुखी आहेत. खाली स्वयंपाकघरात ही मुलगी रडते.

शिक्षक म्हणून सांगतो, त्या मुलीचा शिकायचा हट्ट आणि आईचे रडत 'नाही' म्हणणे मला एकट्याला पाहवले नसते. माझ्या वर्गातल्या किती मुली दहावीच्या निकालानंतर मला पुन्हा दिसल्याच नाहीत, त्यांचे चेहरे एकामागून एक आठवत राहिले. पण या प्रसंगाचे मोल करुण रसापुरते नाही. धरणाने बारा लाखांहून अधिक माणसे उठवली, हा आकडा वाचून काहीच होत नाही. बाप पाठीवर भलेमोठे कपाट बांधून चढण चढतो आहे, हे दिसले की आकड्याला वजन येते. दिग्दर्शकाने नदी कमी आणि काठ जास्त दाखवला, आणि त्यामुळेच नदीही जास्त कळली.

पटाच्या शेवटाकडे एक प्रसंग आहे. कॅमेरा एका जागी रोवलेला. दिवसामागून दिवस पळत जातात, आणि पाणी वर वर चढत ते खोपटे आणि ती भाजीची वाफे गिळून टाकते. समीक्षकांनी या प्रसंगाची फार वाखाणणी केली आहे आणि ती रास्त आहे. आमच्या घरात मात्र इथे शांतता पसरली. कारण आमचेही गाव असेच गेले. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पुरे झाले. त्याच्या थोडे आधी, पाणी साठू लागले तेव्हा, आमचे जुने घर पाण्याखाली गेले. माझा जन्म नव्या गावठाणातला. मला जुने गाव आईच्या बोलण्यातूनच माहीत.

बऱ्याच वेळाने आई म्हणाली, "पानी असं पळत न्हाई येत. ते बसत बसत येतं. आज वटा, उद्या उंबरा. आमी रोज सांच्याला बघायला जायचो."

"मग आजी, तुम्ही काय आणलं तिकडून?" मुलीने विचारले.

"जातं," आई म्हणाली. "आन् काय आणायचं?"

ते जाते आमच्या परसात आहे. त्यावर कुंडी ठेवलेली असते.

आईच्या त्या वाक्यात या सुंदर प्रसंगावरचा आक्षेप आहे, आणि तो मला खरा वाटतो. काळ पळवून दाखवला की संकट नाट्यमय होते, पण वाट पाहणे नाहीसे होते. आणि उठणाऱ्या माणसाचे मुख्य दुःख पाणी नव्हे, वाट पाहणे हेच असते. दिग्दर्शक म्हणेल, की महिनोन् महिने पडद्यावर कसे दाखवू? तेही खरे. पण निदान त्याने त्या आधीचा तास भर काठावर घालवला, म्हणून ती धावती मिनिटे आपल्याला बोचतात. नुसत्या निसर्गपटात अशीच धावती चित्रे आली, तर आपण "काय सुंदर!" म्हणतो.

हे नुसत्या परदेशी पटांपुरते नाही. उजनीच्या फुगवट्यावर, भिगवणच्या बाजूला, हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. पट्टकदंब येतात. त्यांची छायाचित्रे आणि चित्रफिती तुम्ही पाहिल्या असतील. गुलाबी पंखांची रांग, सोनेरी पाणी, धुक्यातली होडी. पाहणाऱ्याला ते अनादी काळापासूनचे सरोवर वाटावे. ते सरोवर माझ्यापेक्षा फार मोठे नाही, आणि त्याच्या तळाशी गावे आहेत. उन्हाळ्यात पाणी फार उतरले म्हणजे पळसदेवचे जुने देऊळ वर येते, तेव्हा वर्तमानपत्रांना ती बातमी होते. गेल्या माघात आईला होडीतून पक्षी दाखवायला नेले. सोबतचे पाहुणे भल्या लांब भिंगांचे कॅमेरे घेऊन पक्षी टिपत होते. आई पाण्याकडे पाहत होती. नावाडी आमच्याच भागातला, तो हळूच तिला म्हणाला, "मावशी, तुमचं गाव त्या अंगाला. पानी लई हाय आता." एकाही भिंगाचे तोंड तिकडे वळले नाही. पक्ष्यांवर माझा राग नाही. पक्षी दाखवा, पण कशावर उतरले आहेत तेही सांगा, एवढेच म्हणणे.

टंचाईच्या पटांची तऱ्हा थोडी वेगळी आहे. तिथे माणूस असतो, पण ठरावीक. आणि त्याच्याआधी ठरावीक जमीन असते. पाण्याच्या दुर्भिक्षावरचा कोणताही पट घ्या, पहिल्या पाच मिनिटांत भेगाळलेली जमीन येणारच. शहरातल्या प्रेक्षकाला ती दुष्काळाची खूण वाटते. शेतकऱ्याला विचारा. आमच्याकडची काळी जमीन दर उन्हाळ्यात भेगाळते, सुकाळाच्या वर्षीही. त्या भेगांतूनच पहिल्या पावसाचे पाणी खोल मुरते. भेगाळणे हा तिचा धर्मच आहे. खरा दुष्काळ दिसायचा तर दारापुढच्या पाण्याच्या ड्रमला लावलेल्या कुलपात दिसतो. रात्री दोन वाजता टँकरच्या आवाजाने जाग्या होणाऱ्या आळीत दिसतो. शाळेच्या हजेरीपटात दिसतो, कारण मार्च-एप्रिलमध्ये मुलींच्या नावापुढे गैरहजेरी वाढते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेले, तेव्हा साऱ्या देशाचे कॅमेरे त्या गाडीवर होते. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर पाणी होते. लातूर शहराच्या वस्तीला वाटले तर माणशी जेमतेम तांब्याभर. गाडीचे चित्र भव्य होते. तांब्याचे चित्र कुणी घेतले नाही.

मग निवेदन. या पटांच्या निवेदनात 'आपण' हा शब्द फार येतो. आपण नद्या अडवल्या, आपण पाणी उपसले, आपणच आता सावध झाले पाहिजे, अशा धर्तीचे. ऐकायला हे विनयाचे वाटते. पण हा 'आपण' कोण? ड्रमला कुलूप लावणारी बाई आणि पाण्याच्या बाटल्या भरून विकणारा कारखानदार, दोघे एकाच 'आपण'मध्ये कसे बसतात? व्याकरणात चालेल, हिशेबात चालत नाही. जेनिफर पीडम यांचा 'रिव्हर' हा २०२१ सालचा पट घ्या. रॉबर्ट मॅकफार्लेन यांची काव्यमय संहिता, विलेम डॅफो यांचा आवाज, ऑस्ट्रेलियन चेंबर ऑर्केस्ट्राचे संगीत. सहा खंडांतल्या नद्या त्यात आहेत, आणि आकाशातून घेतलेली त्यांची चित्रे पाहून चित्रकाराने ब्रश खाली ठेवावा. पण ही नदी कुठली, ते धरण कुणाचे, हे कळत नाही. नाव नसलेल्या नदीला सगळे आपले म्हणतात आणि तिची जबाबदारी कुणावर येत नाही.

इथवर वाचून कुणी म्हणेल, की मास्तर धरणाच्या विरुद्ध आहेत. तसे म्हणणे सोपे झाले असते, तर हा लेख लिहायला मला इतके दिवस लागले नसते. 'डॅमनेशन' हा २०१४ सालचा अमेरिकन पट धरणे पाडण्याच्या बाजूने बोलतो. पश्चिमेकडच्या एल्वा नदीवर १९१३ आणि १९२७ साली बांधलेली दोन धरणे २०११ ते २०१४ या काळात पाडण्यात आली, आणि अडलेले सामन मासे पुन्हा वर चढू लागले. तलाव ओसरल्यावर तिथल्या क्लॅलम जमातीची, त्यांच्या श्रद्धेप्रमाणे माणूस जिथे घडवला गेला ती जागा, कित्येक वर्षांनी पुन्हा उघडी झाली. हे वाचले तेव्हा मला पळसदेव आठवले, आणि क्षणभर मत्सरही वाटला. पण दुसऱ्याच क्षणी आठवले, की उजनीच्या पाण्यावर सोलापूर शहराची तहान भागते. त्याच पाण्यावर ऊस उभा आहे, उसावर कारखाने, आणि त्या उसाच्या पैशांतून माझ्या शाळेच्या वर्गखोल्या झाल्या. माझे आजोबा ज्या पाण्याने उठले, त्याच पाण्याच्या जोरावर मी उभा आहे. अर्थात त्या पाण्याने किती उसाला जावे आणि किती घशाला, हा तंटा आजही मिटलेला नाही. 'डॅमनेशन'मध्ये मला असा माणूस हवा होता, ज्याचे एका हाताने गेले आणि दुसऱ्या हाताने आले. आपल्याकडे प्रत्येक धरणाखाली असे घर सापडेल.

आपल्याकडच्या एका पटाचा उल्लेख केल्यावाचून हे लिखाण पुरे होणार नाही. आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांचा 'ए नर्मदा डायरी', १९९५ सालचा. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली तेहतीस गावे गेली. त्यांतले पहिले मणिबेली, आज नंदुरबार जिल्ह्यात मोडणारे. हा पट देखणा नाही. चित्र हलते, आवाज कधी अस्पष्ट होतो. पण कॅमेरा माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर आहे. तो नदीकडे आकाशातून पाहत नाही. काठावर उभा राहून पाहतो. तो एका बाजूचा आहे आणि ते लपवतही नाही. पलीकडच्या तहानेला त्यात आणखी जागा मिळायला हवी होती, असे मला वाटते. पण नर्मदा म्हणजे कुणाची, हा प्रश्न पाहणाऱ्याला टाळता येत नाही, आणि हेच त्याचे यश.

म्हणून वाचकहो, निसर्गपट पाहू नका असे मी म्हणणार नाही. सुटीत मुलांना घेऊन जरूर पाहा. एंजल धबधबा पाहून ज्याचे मन भरून येत नाही, तो नदीसाठी पुढे काही करील असे मला वाटत नाही. फक्त पाहताना घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवा. निवेदकाचा आवाज थोडा कमी करा आणि त्यांना मधे बोलू द्या. इथे पाणी कोण भरते, इथे आधी कोण राहत होते, हे प्रश्न त्यांना शिकवावे लागत नाहीत.

नरक चतुर्दशीला पहाटे आमच्याकडे बंब पेटतो. नळाला पाणी एक दिवसाआड येते, म्हणून आई आदल्या रात्रीच पिंपे भरून ठेवते आणि त्यांवर झाकणे नीट बसली आहेत ना, हे दोनदा पाहते. ते पाणी उजनीचेच. अंगावरून ते ओघळताना कधीतरी ते आमच्या जुन्या ओट्यावरून आले असेल, असे मला वाटते. सुटी संपल्यावर मी मुलांना पुन्हा निसर्गचित्र काढायला सांगणार आहे, आणि या वेळी फळ्यावर आधी एवढेच लिहिणार आहे: नदीला काठ काढा.